ग्राइंडर, वेल्डिंग, टाकी-हातोडा : सेफ्टी चष्मा कोणता घ्यावा, आणि तो डोळ्यांवर राहावा कसा?

शेडवाला

नमस्कार मंडळी. शिक्रापूरच्या बाजूला माझी फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. गेट, ग्रील, जिने, पत्र्याच्या शेडचे ट्रस अशी कामं चालतात. ग्राइंडर आणि कटर दिवसभर चालू, दोन वेल्डिंग मशीन. पोरं सगळी विशी-पंचविशीतली, एक मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले.

चष्मे मी आणून देतो, पण ते डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त असतात. ओरडलं की खाली येतात, मी वळलो की परत वर जातात. विचारलं तर तीन कारणं सांगतात : वाफ धरते, धूसर दिसतं, कानामागे टोचतं. ही कारणं मला खोटी वाटत नाहीत. दुकानात विचारावं तर तो म्हणतो साठाचा घ्या नाहीतर तीनशेचा घ्या, दोन्ही चांगले. मिस्त्रींचं आणखी वेगळं. त्यांना जवळचं वाचायला चष्मा लागतो आणि त्यावर दुसरा बसत नाही, म्हणून ते नुसत्या नंबरच्या चष्म्यावर ग्राइंडर मारतात.

खर्चाची तयारी आहे. चष्म्यावर नेमकं काय बघून घ्यायचं, कुठल्या कामाला कुठला, आणि पोरं तो काढणार नाहीत यासाठी तुम्ही काय करता, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

लेथवरचा माणूस

धूसर दिसतं हे शंभर टक्के खरं आहे आणि त्याचं कारण चष्मा नाही, पुसण्याची पद्धत आहे. पोरं शर्टाच्या टोकाने कोरडी काच पुसतात. त्या शर्टावर लोखंडाचा कीस असतो, तोच काचेवर घासला जातो. आठवडाभरात समोरचं सगळं पांढुरकं.

सेफ्टी चष्म्याची काच ही काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. मार खायला ते एक नंबर, पण ओरखड्याला नाजूक. आधी नळाखाली धरायचं म्हणजे कण वाहून जातात, मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने हलकेच फिरवायचा, धुवायचं, आणि स्वच्छ मऊ फडक्याने टिपायचं. साबणाने वाफ धरणंही थोडा वेळ कमी होतं.

आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा : थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल काचेला लावायचं नाही. रंगाचा डाग निघाला नाही की पोरं थिनरचा बोळा फिरवतात. पॉलिकार्बोनेटला थिनर खातो. बारीक भेगा पडतात, त्या पटकन दिसतही नाहीत, आणि ज्या दिवशी तुकडा येऊन आदळतो त्या दिवशी ती काच तडकते. असा चष्मा सरळ फेकून द्या.

आमच्याकडे प्रत्येकाचा चष्मा वेगळा, दांडीवर मार्करने नाव, आणि प्रत्येक मशीनजवळ खिळ्याला कापडी पिशवी. सामायिक चष्मा कुणीच सांभाळत नाही.

सेफ्टी_चाकण

धागा चांगला काढलात. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुरक्षा बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानदाराचं ऐकू नका, चष्मा हातात घेऊन दांडी आणि काचेची कड वाचा. आपल्याकडचं मानक आयएस ५९८३, ते असेल तर आयएसआयचा शिक्का शोधा. अमेरिकन मालावर झेड८७ असतं. नुसतं झेड८७ म्हणजे साधा मार, आणि पुढे अधिकचं चिन्ह असेल तर जोराच्या माराची चाचणी झालेली. त्या चाचणीत पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला साधारण ४५ मीटर वेगाने काचेवर मारतात, शिवाय अर्ध्या किलोचं टोकदार वजन वरून सोडतात. युरोपच्या मालावर ईएन १६६ लिहिलेलं असतं. तिथे आता आयएसओ १६३२१ हे नवं मानक आलंय, पण बाजारात जुना शिक्काही दिसतो.

ईएन १६६ ची अक्षरं ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. ६ मिलिमीटरची, एक ग्रॅमपेक्षा हलकी पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरने मारून काच टिकली तर 'एफ', १२० मीटरला टिकली तर 'बी', १९० मीटरला टिकली तर 'ए'. दांडीच्या चष्म्याला जास्तीत जास्त 'एफ' मिळतो. 'बी' मिळवायला चेहऱ्याला चिकटून बसणारा पट्ट्याचा गॉगल लागतो, आणि 'ए' फक्त पूर्ण फेस शील्डला. 'एस' असेल तर मजबुती त्याहून कमी, ग्राइंडरच्या कामाला तो घेऊ नका.

आता तुमच्या शेडचा हिशोब करू. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. म्हणजे चाकाची कड सेकंदाला ५७ मीटरच्या पुढे पळते, ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त. चाक फुटलं तर त्याचा तुकडा याच वेगाने सुटतो, आणि तो चाचणीतल्या गोळीपेक्षा कितीतरी जड असतो. त्यामुळे ठिणग्या, कीस, बारीक कण यांना चष्मा पुरतो, फुटलेल्या चाकाला पुरत नाही. ग्राइंडरवर चष्मा आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही हवं. नुसती फेस शील्डही चालत नाही. खालून आणि बाजूने ठिणगी आत शिरते, शिवाय माणूस शील्ड वर करून काम बघायला वाकतो तेव्हा शेजारचा ग्राइंडर चालूच असतो.

आणि गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण. पाच इंची चाक बसावं म्हणून चार इंची ग्राइंडरचं गार्ड काढून टाकलेलं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता मोजत नाही. लाकूड कापायचं दातेरी पातं लावतात ते तर त्याहून वाईट. गार्ड नसेल तर माझ्या मते चष्म्याची चर्चाच पुढची. चाक बसवण्याआधी त्यावर छापलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना बघा. चाकाच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते, तीही बघा. पावसाळ्यात ओल धरलेलं किंवा खाली पडलेलं चाक वापरू नका.

वाफेसाठी : 'एन' अक्षर असेल तर वाफ न धरण्याची चाचणी झालेली, 'के' असेल तर ओरखड्यांची. दोन्ही असलेला चष्मा थोडा महाग पडतो, पण तुमची पोरं जी कारणं सांगतात त्यातली दोन तिथेच संपतात. उरलं टोचणं. त्यासाठी दांडीचं टोक मऊ रबराचं आणि दांडीची लांबी कमी-जास्त होणारा घ्या. एकदम डझन घेऊ नका. तीन-चार जातींचे एकेक आणा, पोरांना घालून बघू द्या, त्यांनी निवडलेला घ्या. चेहरे सारखे नसतात. भुवईवर आणि गालाशी बोट जाईल इतकी फट राहत असेल तर तो त्या पोराचा चष्मा नाही.

तपासनीस_सांगली

मिस्त्रींबद्दल लिहिते, कारण हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो. मी चष्म्याचे नंबर तपासते.

दादा, नंबरचा साधा चष्मा हे संरक्षण नाही. त्याची काच पातळ असते, फ्रेम मारासाठी बनलेली नसते, बाजू उघड्या असतात. जोराचा तुकडा आला तर काच फ्रेममधून निसटून डोळ्यावरच येऊ शकते. आणि अजूनही काही जण खनिज काचेचे जुने चष्मे वापरतात, ते फुटले तर त्याचेच तुकडे डोळ्यात.

तीन मार्ग आहेत. नंबरच्या चष्म्यावरून बसणारा मोठा सेफ्टी चष्मा हा सगळ्यात स्वस्त, पण दोन काचांमध्ये वाफ धरते आणि वजन वाढतं. दुसरा मार्ग म्हणजे ज्याच्या खालच्या भागात वाचायचा नंबर आधीच बसवलेला असतो असा सेफ्टी चष्मा. ज्यांना फक्त जवळचा नंबर आहे आणि दोन्ही डोळ्यांना सारखा आहे त्यांना हा उत्तम जमतो. तिसरा म्हणजे स्वतःचा नंबर घालून बनवून घेतलेला सेफ्टी चष्मा. यात काच पॉलिकार्बोनेटची मागायची, आणि फ्रेमसुद्धा सेफ्टीची शिक्का असलेली हवी. साध्या फ्रेममध्ये पॉलिकार्बोनेट बसवून दिलं तर काम अर्धंच झालं.

चाळिशीनंतरच्या कारागिरांसाठी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. वाचायचा नंबर आम्ही साधारण ४० सेंटीमीटरवर काढतो, कारण पुस्तक-मोबाइल तिथे धरतात. मिस्त्रींचं काम तिथे नसतं. लेथवर, मार्किंगच्या टेबलावर, ग्रीलच्या जोडावर ते हातभर लांब असतं, ५०-६० सेंटीमीटर. नंबर जवळचा असला की काम धूसर दिसतं, माणूस वाकतो, चेहरा चाकाच्या जवळ नेतो, नाहीतर चष्मा काढून टाकतो. तेव्हा तपासायला येताना हाताने अंतर दाखवा, "मी इथे काम करतो" म्हणा. त्या अंतराचा नंबर वेगळा निघतो. डोक्यावरचं वेल्डिंग किंवा ड्रिलिंग करणाऱ्याला खालच्या भागातला नंबर उपयोगाचा नाही, हेही सांगा. आणि वेल्डिंग हेल्मेटच्या आत बसणारी भिंगाची पट्टी मिळते, पन्नाशीच्या वेल्डरला ती फार सोयीची.

मिस्त्री "दिसत नाही" म्हणत असतील तर ते आळस करत नाहीत. आधी त्यांचे डोळे तपासून आणा.

शेडवाला

ताई, हे अंतराचं कुणीच सांगितलं नव्हतं. या आठवड्यात मिस्त्रींना घेऊन जातो.

वेल्डिंगचं कुणी सांगेल का? पोरं टाके (तुकडे जागेवर धरायला मारायचे वेल्डिंगचे छोटे जोड) मारताना डोळे मिटून मारतात. दिवसभर काही वाटत नाही, रात्री डोळे धरून बसतात.

काळी काच

ही सवय आपल्याकडे सगळ्या शेडमध्ये आहे, आणि ती घालवणं माझ्या दृष्टीने चष्म्यापेक्षा मोठं काम आहे. मी वेल्डिंग शिकवतो.

डोळे मिटून टाका मारला तरी अतिनील किरण पापणीच्या फटीतून आणि बाजूने जातात. मिटायला जरा उशीर होतो, उघडायला जरा घाई होते. असे दिवसभरात पन्नास टाके मारले की डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरची वरची कातडी भाजते. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी होतो, म्हणून मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं वाटतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. सहसा एक-दोन दिवसांत बरं होतं, आणि बरं होतं म्हणूनच पोरं ते मनावर घेत नाहीत.

टाके मारताना हात मोकळा नसतो, एका हातात होल्डर, दुसऱ्याने पट्टी धरलेली, मग हँडस्क्रीन (हातात धरायची काळी काच) कोण धरणार? याला उपाय एकच, आपोआप काळं होणारं हेल्मेट. आर्क (वेल्डिंगची प्रखर ज्योत) पेटली की सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास काच काळी होते. त्याची खरी गंमत लोकांना माहीत नसते : अतिनील आणि अवरक्त किरण ती काच कायमच अडवते, काळी नसतानाही. बदलतो तो फक्त दिसणारा उजेड. पुढच्या बाजूचे सेन्सर स्वच्छ ठेवा, वरची साधी संरक्षक काच तुषारांनी भरली की बदला, ती स्वस्त मिळते. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ती काच काळी होते की नाही हे बघून घ्यायचं.

काच किती काळी हवी, त्या नंबरचा अंदाज असा. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ९-१०, सव्वातीनच्या रॉडला १०-११, मिगला (तारेच्या वेल्डिंगला) साधारण ११. टिगला (टंगस्टनच्या टोकाच्या वेल्डिंगला) करंट कमी असला तर ९-१० ने भागतं, वाढवला की वर जायचं. गॅस कटिंगला ५ च्या आसपास. गॅस कटिंगचा हिरवा चष्मा घालून आर्क बघायची नाही, आणि रस्त्यावरचा काळा गॉगल तर मुळीच नाही. काळ्या गॉगलने बाहुली मोठी होते, आणि काचेत अतिनील अडवायची सोय नसेल तर उघड्या डोळ्यापेक्षा जास्त किरण आत जाऊ शकतात.

हेल्मेटच्या आत साधा पारदर्शक सेफ्टी चष्मा घालायचाच. स्लॅग फोडताना हेल्मेट वर जातं, गरम खपली उडते ती नेमकी तेव्हा. शिवाय पॉलिकार्बोनेट बरेचसे अतिनील किरण अडवतं, म्हणून शेजारच्या वेल्डरची बाजूने येणारी चमकही कमी लागते. पण पारदर्शक चष्म्याने आर्ककडे बघायचं नाही, हे पोरांना दहादा सांगा.

हेल्परला विसरू नका. पट्टी धरणारा, झाडू मारणारा, चहा घेऊन येणारा, सगळ्यांना आर्क लागते. पांढरी भिंत आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किरण परत फेकतात. वेल्डिंगच्या जागेभोवती पडदा लावा.

तपासनीस_सांगली

काळी काच यांनी लिहिलंय त्याला माझी एक जोड, आणि ही मी फार कळकळीने सांगते.

आर्क लागल्यावर कुणीतरी मेडिकलमधून डोळा बधिर करणारे थेंब आणून देतो. थेंब टाकला की दुखणं क्षणात थांबतं, म्हणून ती बाटली शेडमध्ये हातोहात फिरते. हे थेंब डॉक्टर तपासताना एकदा टाकतात, घरी वापरायचे नसतात. ते जखम भरू देत नाहीत, आणि दुखत नसल्यामुळे माणूस डोळा चोळत राहतो. सतत वापरले तर पडदा विरघळत जाऊन नजर कायमची जाते. स्टेरॉइडचे थेंबही स्वतःच्या मनाने नकोत. थंड पाण्याची पट्टी, अंधारी खोली, आणि सकाळी डोळ्याचे डॉक्टर.

दुसरं म्हणजे कचरा काढणं. प्रत्येक कारखान्यात एक 'डोळ्यातला कचरा काढणारा' असतो, काडीपेटीच्या काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढून देतो. लोखंडाचा कण पडद्यात रुतला की त्याभोवती गंजाचं कडं तयार होतं, ते काडीने निघत नाही, उलट जखम खोल होते आणि जंतू जातात. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. कण निघाला नाही तर दवाखाना.

वायरमन_डोंबिवली

आम्हा इलेक्ट्रिशियनचंही लिहा कुणीतरी. ग्राइंडर नसला तरी स्लॅबला ड्रिल मारताना सगळी भुकटी सरळ डोळ्यात येते. साधा दांडीचा चष्मा इथे कमी पडतो, कारण डोकं वर केलं की भुवईवरच्या फटीतून धूळ आत पडते आणि आतच अडकते. मी आता फोमची किनार असलेला पट्ट्याचा वापरतो. पूर्ण दिवस नाही घालत, फक्त वरचं ड्रिलिंग असेल तेव्हा.

एसीचं काम करणाऱ्या मित्रांना विनंती : गॅस भरताना, नळी सोडवताना चष्मा घाला. द्रव गॅसचा फवारा डोळ्यावर आला तर डोळा गोठून भाजतो.

सेफ्टी_चाकण

वायरमन दादा, बरोबर. पट्ट्याच्या गॉगलला हवा खेळायला भोकं असतात, त्यातही फरक आहे. सरळ भोकांचा गॉगल मोठ्या कणांना चालतो, पण द्रव उडणार असेल तर आडोसा असलेल्या भोकांचा घ्यायचा. ईएन १६६ मध्ये फ्रेमवर ३ चा आकडा म्हणजे थेंब, ४ म्हणजे जाड धूळ, ५ म्हणजे वायू आणि बारीक धूळ, ९ म्हणजे वितळलेला धातू. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी ९ बघूनच घ्यावा.

टाइल साफ करायचं अ‍ॅसिड, बॅटरीचं पाणी, चुना, सिमेंट, या सगळ्यांना थेंबांचा गॉगल. यात चुना सगळ्यात फसवा. लोक अ‍ॅसिडला घाबरतात आणि चुन्याला हलक्यात घेतात. अ‍ॅसिडने वरचा थर गोठतो, त्यामुळे ते बऱ्याचदा तिथेच अडतं. क्षार मात्र थर विरघळवत आत शिरत जातो. डोळ्यात चुना गेला तर त्याच सेकंदाला पाणी. डॉक्टर शोधत बसायचं नाही. पापणी उलटी करून चुन्याचे खडे काढायचे आणि वीस मिनिटं, अर्धा तास सलग धुवायचं, मग गाडी काढायची. तिथल्या तिथे धुतलेल्या पाण्यावर डोळ्याचं पुढचं सगळं ठरतं.

वडारवाडी

दगडाचं काम करणाऱ्यांबद्दल थोडं. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या दगड फोडायचं, पाटे-वरवंटे, जाती घडवायचं आणि त्यांना टाकी लावायचं काम. डोळ्यावर काही घालायची पद्धतच नव्हती, डोळे बारीक करून मान वळवायची एवढंच शिकवलेलं. आमच्या वस्तीत एका डोळ्याने अधू झालेली म्हातारी माणसं बरीच होती, आणि त्याला सगळे नशीब म्हणायचे.

दगडाच्या कपच्या उडतात हे सगळ्यांना कळतं. पण खरा घात टाकीच्या डोक्याचा. हातोडा खाऊन खाऊन टाकीचं, छन्नीचं, पहारेचं डोकं फुलतं, कडा बाहेर वळतात. पुढचा घाव बसला की त्या कडेचा बारीक तुकडा सुटतो. पोलादावर पोलाद, म्हणून तो फार जोरात जातो आणि आकाराने इतका लहान असतो की डोळ्याला भोक पाडून आत गेला तरी बाहेर फारसं रक्त दिसत नाही. फुललेलं डोकं ग्राइंडरवर घासून गोल करा, दर आठवड्याला. आणि चष्मा. दगडाला साठ रुपयांचा साधा चष्माही काहीच नसण्यापेक्षा बरा, पण बाजूच्या पट्ट्या असलेला घ्या, कारण कपची शेजारच्याच्या घावाने उडून बाजूने येते.

तपासनीस_सांगली

वडारवाडी दादांनी लिहिलेलं सगळ्यांनी दोनदा वाचा. हातोडा मारताना "काहीतरी लागलं" असं वाटलं, मग दुखणं थांबलं आणि दिसतंयही, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि "लोखंडावर लोखंड मारत होतो" हे वाक्य त्यांना आवर्जून सांगा. ते एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतील. आत राहिलेलं लोखंड गंजत जातं आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी नजर नेतं. डोळ्यात लोखंड असण्याची शंका असेल तर एमआरआय करायचा नसतो, चुंबकाने तो तुकडा हलतो.

डोळ्याला भोक पडल्याची शंका असेल तर धुवायचं नाही, दाबायचं नाही, रुतलेलं काही ओढायचं नाही, थेंब टाकायचे नाहीत. कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून कडेने चिकटपट्टी लावा, म्हणजे धक्का लागणार नाही, आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. चुन्याला धुवायचं आणि भोकाला धुवायचं नाही, हा फरक शेडमधल्या प्रत्येकाला पाठ हवा.

एका डोळ्याला खोल जखम झाली तर दुसऱ्या, चांगल्या डोळ्यालाही सूज येऊन तो जाऊ शकतो. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खोगीर-लगामाच्या कारखान्यात आरीने त्याचा एक डोळा फुटला. पुढे दुसराही गेला. मुलांना शेडमध्ये खेळू देऊ नका, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

ऊसपट्टा

विषय कारागिरांचा आहे, पण आम्हा शेतकऱ्यांनाही जागा द्या. ऊस तोडताना, पाचट काढताना पात्याची कड डोळ्याला लागते. करवतीसारखी धार असते तिला. ओरखडा बारीक, पण त्यातून बुरशी आत जाते आणि चार-आठ दिवसांनी डोळ्यात पांढरा ठिपका दिसतो. तोवर माणसाने मेडिकलमधून लाल डोळ्याचा थेंब टाकलेला असतो. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी आणखी फोफावते.

तोडणीच्या उन्हात प्लास्टिकचा चष्मा घामाने भरतो. काय वापरावं?

सेफ्टी_चाकण

तारेच्या जाळीचा चष्मा किंवा जाळीची फेस शील्ड मिळते. वाफ धरायचा प्रश्नच नाही, पातं आणि काटकी अडते. धूळ, कीस, द्रव याला ती कामाची नाही, म्हणून शेडमध्ये वापरू नका. गवत कापायच्या मशीनवर मात्र जाळीच्या आत साधा सेफ्टी चष्माही घाला, तिथे बारीक खडे उडतात.

मस्कतकर

मी ओमानमध्ये पाइपलाइनच्या साइटवर असतो. इथे पहिल्या दिवशी मला जे वेगळं वाटलं ते चष्मा नव्हता, साहेब लोक होते. फाटकातून आत येणारा प्रत्येक जण चष्मा घालून, मग तो मॅनेजर असो की पाहुणा. त्यामुळे "मला एकट्याला सांगतात" असं कुणाला वाटत नाही. उन्हासाठी गडद आणि आतल्या कामासाठी पारदर्शक, असे दोन मिळतात. ओरखडे पडलेला दाखवला की त्याच वेळी नवा, प्रश्न नाही, पगारातून कापणं नाही.

शेडवाले दादा, तुम्ही स्वतः शेडमध्ये पाऊल टाकताना चष्मा घाला. बिल मागायला आलेला पार्टीवाला उभा असेल तर त्यालाही द्या. पोरं बघतात.

लेथवरचा माणूस

मस्कतकरांना अनुमोदन. ओरखड्याच्या बदल्यात नवा, हे लहान शेडला परवडतं. नव्या चष्म्याचा खर्च एका कटिंग व्हीलच्या पाकिटाच्या आतबाहेर आहे.

हिशोबनीस

कायद्याची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो, कारण मालक आणि कामगार दोघांचंही इथे नुकसान होतं.

१९४८ च्या कारखाने कायद्यात डोळ्यांसाठी वेगळं कलम घातलेलं होतं, ३५ वं : उडणारे कण किंवा डोळे दिपवणारा उजेड असेल तर पडदा किंवा योग्य गॉगल. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने परिशिष्टात मोजमाप ठरवून दिलं : दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर कमाईची ४० टक्के क्षमता गेली असं धरायचं, डोळा शाबूत पण नजर गेली तर ३० टक्के. पुढे कायदे एकत्र करून श्रम संहिता झाल्या, पण चष्मा देण्याची जबाबदारी मालकाचीच.

कामगारांनी हे समजून घ्या : त्याच १९२३ च्या कायद्यात असलेली आणि श्रम संहितेतही राहिलेली तरतूद अशी की मालकाने दिलेलं, माहीत असलेलं सुरक्षा साधन कामगाराने जाणूनबुजून काढलं किंवा डावललं आणि त्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून मालक भरपाई नाकारू शकतो. एक डोळा जाणं 'पूर्ण अपंगत्व' धरत नाहीत. म्हणजे कपाळावर चढवलेला चष्मा डोळाही घालवतो आणि पैसेही. मालकांनी याचा अर्थ सुटका असा काढू नये. वाफ धरणारा, ओरखडलेला, न बसणारा चष्मा देऊन 'साधन दिलं' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. चष्मे दिल्याची वही ठेवा, त्यात कामगाराची सही आणि बदलून दिल्याची नोंद हवी. ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल तर अपघाताची नोंद त्याच दिवशी करा.

शेडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. चार जातींचे चष्मे आणि दोन फेस शील्ड मागवतो, गार्ड उद्याच बसवतो, टाके मारायला एक आपोआप काळं होणारं हेल्मेट.

अजून एक विचारायचं राहिलं. ओळखीच्या एकाने हातात धरायचं लेझर वेल्डिंग मशीन घेतलंय, स्टीलच्या रेलिंगसाठी. मलाही घ्यायचंय. मशीनसोबत हिरवा चष्मा येतो म्हणाला. तो पुरेसा आहे का?

काळी काच

थांबा, हे वेगळंच प्रकरण आहे. नेहमीचं वेल्डिंग हेल्मेट इथे चालत नाही. या मशीनचा लेझर १०६४ ते १०८० नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे डोळ्याला दिसतच नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. किरण बुबुळातून आत जाऊन मागच्या पडद्यावर एका बिंदूत गोळा होतो आणि तिथे भाजतो. ती जखम भरून येत नाही. स्टील, अ‍ॅल्युमिनियम, तांबं यांवरून परत फिरलेला किरणही तेवढंच करतो, आणि तो दहा-पंधरा फुटांवर उभ्या माणसापर्यंतही जातो. साधं पारदर्शक पॉलिकार्बोनेट हा किरण सरळ जाऊ देतं.

हिरवा रंग बघून काही ठरत नाही. काचेवर नॅनोमीटरचा पट्टा छापलेला हवा, त्यात तुमच्या मशीनचा आकडा बसला पाहिजे, आणि पुढे ओडी म्हणून, किरण किती अडतो ते सांगणारा, आकडा हवा. ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक भाग आत येतो, ओडी ७ म्हणजे कोटीतला एक. तुमच्या मशीनच्या ताकदीला किती ओडी लागतो ते बनवणाऱ्याकडून लेखी मागा. छापील आकडा नसलेला चष्मा परत करा.

शिवाय वेल्डच्या जागी उजेड आणि अतिनील असतंच, म्हणून लेझरसाठी बनवलेलं पूर्ण हेल्मेट घ्या, आणि आत चष्माही. मशीन उघड्या शेडमध्ये ठेवू नका. चारही बाजूंनी लेझर अडवणारे पडदे किंवा पत्र्याची खोली, दाराला असा स्विच की दार उघडलं की लेझर बंद, आणि आत असणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यावर तोच चष्मा. खोली आधी बांधा, मशीनची ऑर्डर नंतर द्या.